चोलुलाचं मीठ

मी मिठाची मडकी बोलतेय. मला आठवतो तो पहिला दिवस अगदी साधा होता. सकाळ अर्धी सरली होती, अंगणात टर्क्या माती उकरत होत्या आणि सेंतेवा मला मांडीत घेऊन गुळगुळीत दगडाने घोटत होती. मी अजून कच्ची होते, बोटाने दाबलं असतं तर दबले असते. दगड फिरेल तिथे माझ्या अंगावर चकाकी येत होती, आणि मला वाटत होतं की जगात याहून मोठं काही घडत नसावं.

तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ ओसोमा आला. डावा हात गळ्यात बांधलेला. तो सरळ येऊन तिच्यासमोर उकिडवा बसला.

"अक्का, तह झाला."

"कोणाशी?"

"समुद्राकडून आलेल्या त्या दाढीवाल्यांशी. सभेत ठरलं. चारही सरदारांनी मान डोलावली."

सेंतेवाचा दगड थांबला नाही. "म्हणजे ज्यांनी तुझा हात मोडला त्यांच्याशी."

"त्यांनी मोडला म्हणून तर कळलं ते काय आहेत. त्यांना हरवणं आपल्या हातचं नाही, अक्का. तळ्यातल्या शहराच्याही हातचं नसणार. आणि ते तिकडेच निघालेत. शत्रूचा शत्रू तो आपला मित्र, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं."

"पोरांना कळतंच. मोठ्यांना त्याच्यापुढचं काही कळावं अशी अपेक्षा असते."

ओसोमा हसला. दुखऱ्या हातामुळे त्याला धड हसताही येईना. "तू हिला घोटत बस. हिच्यात मीठ पडेल ना, तेव्हा बोलू."

आमच्या त्लाश्कालात साठ वर्षं मीठ नव्हतं. तळ्यातल्या शहराने, म्हणजे मेशिकोने, आमच्या चारही बाजूंचे रस्ते धरून ठेवले होते. मीठ येत नव्हतं, कापूस येत नव्हता. लोक घायपाताच्या धाग्याचं खरखरीत कापड नेसायचे आणि घेवड्याच्या आमटीत नुसती मिरची घालून जेवायचे. हे शहर आम्हाला पुरतं गिळतही नव्हतं आणि सोडतही नव्हतं. दर काही वर्षांनी लढाई व्हायची आणि धरून नेलेली माणसं त्यांच्या देवळाच्या पायऱ्या चढायची. सेंतेवाचा नवरा त्या पायऱ्या चढला होता. उतरला नव्हता.

आणि तरीही घराघरांत माझ्यासारख्या मडक्या होत्या. लग्नाच्या मुलीला आईने स्वतःच्या हाताने मिठाची मडकी करून द्यायची ही आमच्याकडची रीत. मीठ बंद झालं, रीत बंद झाली नाही. कोनाड्याकोनाड्यांत रिकाम्या मडक्या, सगळ्या पुसून ठेवलेल्या. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, मीठ दाराशी येईल आणि ठेवायला भांडं नाही म्हणून परत जाईल, असं व्हायला नको. मला ही माणसं त्यासाठी फार आवडतात.

सेंतेवाने ओढ्याकाठची माती आणली, तिच्यात पाणकणसाचा कापूस कालवला, वळ्या एकीवर एक चढवून मला उभं केलं आणि खड्ड्यात सुकी पानं रचून भाजलं. मी न तडकता बाहेर आले तेव्हा तिने मला टिचकी मारून ऐकलं आणि लेकीला म्हणाली, "घे, तेइकू. नवरा मिळेपर्यंत हिला सांभाळ."

"मिळाल्यावर?"

"मिळाल्यावर त्याला सांभाळ. ही स्वतःला सांभाळेल."

तेइकू सोळा वर्षांची होती. ती मला रोज पुसायची. रिकाम्या भांड्याला रोज पुसणारं माणूस भेटणं हे भाग्य आहे, आणि मी ते विसरलेले नाही.

दाढीवाले गावात आले तेव्हा रस्त्यावर फुलांचा खच पडला होता. त्यांची ती माणसाला पाठीवर घेणारी मोठाली हरणं कोणी मक्याचा चारा घालून शांत करत होतं, कोणी लांबूनच बघत होतं. पाच-सहा दिवस मेजवान्या झाल्या. मग एका दुपारी वस्तीचा कारभारी सिपाक हातात फुलांचा गुच्छ घेऊन आमच्या अंगणात आला. फुलं घेऊन आला म्हणजे मागायला आला, हे सेंतेवाने ओळखलं.

"वहिनी, सरदारांनी आपली लेक त्यांच्यात दिली. तिच्याबरोबर सोबतिणी जायच्या आहेत. आपल्या वस्तीतून तेइकूचं नाव निघालंय."

त्लाश्कालात तह तोंडाने होत नाही, लेकीने होतो. मुलगी दिली की घरं एक झाली. जावई सासरवाडीवर हत्यार उचलत नाही, आणि सासरवाडी जावयाला दारातून परत पाठवत नाही. आमच्या चार सरदारांची घराणी अशाच सोयरिकींनी बांधलेली होती आणि त्या गाठी कधी सुटल्या नव्हत्या. म्हणून सभेत कोणालाच शंका आली नाही. दाढीवाल्यांनी मुली घेतल्या, म्हणजे ते सोयरे झाले.

सेंतेवाने फुलं घेतली नाहीत. "त्यांच्याकडून कोणाची मुलगी येणार आहे आपल्याकडे?"

"म्हणजे?"

"सोयरीक एका अंगाने होत नाही, भाऊजी."

"त्यांनी बायका आणल्याच नाहीत बरोबर."

"मग सासरवाडी म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगितलं?"

सिपाक घुटमळला. "त्यांच्याकडे दुभाषी बाई आहे. तिने सांगितलं असेलच की."

"असेल," सेंतेवा म्हणाली.

मागून तेइकूचा आवाज आला. "आई, मी जाते. मीठ कसं लागतं ते बघून येते."

"मीठ बघायला कोणी लढाईला जातं का?"

"साठ वर्षं आपण त्यासाठीच जातोय ना?" आणि मग सिपाककडे वळून, "काका, पण माझी मडकी मी बरोबर नेणार. तिला इथे ठेवली तर ती म्हातारी होईल आणि आईच्या शेजारी बसून कुरकुरायला लागेल."

सिपाकला हसू आलं. सेंतेवालाही आलं असावं, कारण तिने फुलं हातात घेतली.

सेंतेवा नकार देऊ शकली असती. या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला आहे, कोनाड्यात दुसरं काम नसतं. पण नवऱ्याला मारणाऱ्या शहरावर कोणी चालून जात होतं, आणि ओसोमाने म्हटलेलं शत्रूच्या शत्रूचं ते वाक्य तिच्याही मनात कुठेतरी खोल बसलेलं होतं. तिने प्रश्न बरोबर विचारले. फक्त उत्तराची वाट पाहिली नाही.

तेइकूने मला फडक्यात गुंडाळून पाठीशी बांधलं. चालताना तिच्या पाठीची ऊब माझ्या पोटात भरायची. वाटेत दाढीवाल्यांच्या पुजाऱ्याने सगळ्या मुलींच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि एकेकीला नवं नाव दिलं. त्या दिवशी पाणवठ्यावर मला धुताना ती म्हणाली, "मला आता इनेस म्हणायचं बरं का. मला स्वतःलाच सवय नाही. कोणी हाक मारली की मी मागे वळून बघते, कोण आलंय म्हणून."

एका दिवसाच्या वाटेवर चोलुला होतं. चोलुलावाले एके काळी आमचे मित्र होते, पण मागे कधीतरी ते तळ्यातल्या शहराकडे झुकले होते. त्यामुळे आमच्या माणसांचा त्यांच्यावर राग होता, परक्यांवर नसेल एवढा. तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही. मी एका परसात तेइकूच्या सामानात होते. मोठ्या अंगणात चोलुलाच्या माणसांना बोलावलं, फाटकं लावली, एवढं ऐकलं. पुढे दोन दिवस जे ऐकलं त्याबद्दल मी बोलणार नाही. दाढीवाल्या परक्यांनी सुरुवात केली आणि आमची माणसं बाहेरून आत धावली.

तिसऱ्या दिवशी ओसोमा आला; तोही आमच्या लढवय्यांबरोबर निघाला होता. त्याच्या खांद्यावर गाठोडं होतं. त्याने ते सोडलं आणि काही न बोलता माझ्यात ओतलं.

माझ्या पोटात पहिल्यांदा मीठ पडलं.

त्या क्षणाचा आनंद मी नाकारणार नाही. ज्यासाठी आपण घडलो ते मिळणं, याला दुसरा शब्द नाही. मीठ जड होतं, थंड होतं, पांढरं होतं.

तेइकूने एक खडा जिभेवर ठेवला, तोंड वाकडं केलं आणि थुंकून टाकला. "हे? एवढ्यासाठी?"

ओसोमा मोठ्याने हसला. "सवय नाही ना तुला. हळूहळू आवडेल."

"कुठून आणलंस, मामा?"

"त्या कोपऱ्यावरच्या घरात होतं. कोनाड्यात, मडकीत."

"आणि घरातले?"

ओसोमाचं हसू विरलं. तो भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "आपल्यासारखंच बोलत होते गं."

मग तेइकूने माझ्या तोंडाला मक्याचं पान बांधलं आणि मला त्याच्या हातात दिलं. त्याला लुटीचं ओझं घेऊन त्लाश्कालाला परत जायचं होतं, हात काही बरा होत नव्हता.

"हे आईला दे. मी आले की आमटीत घालून बघू."

"तू पण चल की. विचारतो मी सिपाकला."

"सोबतिणीला कोण सोडतं?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "मामा, एक गोष्ट सांगू? सोयरीक झाली असं आपण म्हणतो. ते नाही म्हणत. मी त्यांची भाकरी भाजते, त्यांची भांडी घासते. सरदारांच्या लेकीला तेवढं घासायला लावत नाहीत, इतकाच फरक. हे आईला नको सांगू."

ओसोमाने सांगितलं नाही. मी त्याच्या पाठीवर होते, मला सांगता आलं नाही.

त्याने मला जपून नेलं. मोडक्या हाताने, डोंगर उतरताना, एकदाही आपटू न देता. त्या प्रवासाबद्दल मी त्याची ऋणी आहे. त्याने पुढे जे काही केलं, न केलं, त्याच्यासकट ऋणी आहे.

सेंतेवाने मला दोन्ही हातांत घेतलं. वजनावरून तिला कळलं.

"पोरगी?"

"पुढे गेली."

तिने मला कोनाड्यात ठेवलं. स्वतः मीठ चाखलं नाही. पण वस्तीतलं एकेक माणूस येऊन चिमूट घेऊन गेलं. म्हाताऱ्यांनी जिभेवर ठेवून डोळे मिटले. पोरांनी थुंकून टाकलं. सेंतेवा कोणालाही नको म्हणाली नाही. मीठ कोणाच्या घरातलं आहे हे ओसोमाने तिला सांगितलं होतं, आणि चिमूट देताना ती प्रत्येकाला तेवढंच सांगायची, "चोलुलाचं आहे."

पुढच्या पावसाळ्यात दाढीवाले परत आले. ते तळ्यातल्या शहरात जाऊन बसले होते आणि शहर त्यांच्यावर उठलं होतं. पाण्यातल्या बांधावरून पळताना त्यांची निम्मी माणसं बुडाली होती आणि त्यांच्याबरोबर गेलेली आमची माणसं तर किती, कोणी सांगू शकत नव्हतं. उरलेले जखमी, उपाशी, आमच्या सीमेवर येऊन बसले.

सेंतेवा सीमेपर्यंत चालत गेली. परत आली तेव्हा अंगणात ओसोमाला सांगत होती, ते मी ऐकलं.

"बायका थोड्याच आल्यात. एकेकीचं तोंड बघितलं. तेइकू म्हटलं तर दाढीवाल्यांना कळेना. मग इनेस म्हटलं." ओसोमाने शेवटी ते नाव तिला सांगितलं होतं. "तर म्हणाले, कोणती इनेस? पाच-सहा होत्या."

"मग?"

"सिपाकच्या पुतणीला विचारलं. ती आलीय. म्हणाली, बांधावर तेइकू माझ्या मागे होती. मग गर्दी झाली."

"म्हणजे पकडली गेली असेल. जिवंत असेल."

"असेल," सेंतेवा म्हणाली.

त्याच महिन्यात तळ्यातल्या शहराचे वकील आमच्या सभेत आले. त्यांनी काय आणलं असेल? कापूस, पिसं आणि मीठ. पाट्या भरून मीठ. आपली भाषा एक, देव एक, जुनं विसरू आणि या परक्यांना मिळून संपवू, असा निरोप होता. परके तेव्हा धड उभेही राहू शकत नव्हते.

सभेने वस्त्यावस्त्यांतून मत मागवलं. ओसोमा आमच्या वस्तीचं मत घेऊन जाणार होता, आणि जाण्याआधी बहिणीकडे आला. तो विचारायला आला होता, पण बोलताना सांगायला आल्यासारखा बोलला.

"साठ वर्षं मिठाचा खडा दिला नाही, आणि आता गळ्याशी आल्यावर पाट्या. त्यांच्यावर कोण विश्वास ठेवेल?"

"मी ठेवत नाही," सेंतेवा म्हणाली. "पण तुझंच वाक्य ते म्हणतायत. शत्रूचा शत्रू."

"जखमी जावई दारात आलाय, अक्का. त्याला धरून दिलं तर आपण कोण राहिलो? शब्द दिलाय आपण. मुली दिल्यात."

सेंतेवा मक्याचं पीठ वाटत होती. वरवंटा खाली ठेवून तिने त्याच्याकडे बघितलं.

"लेक दाखव. मग मी जावई बघते."

ओसोमा गेला आणि सभेत जावयाच्या बाजूने बोलला. बहुतेक सगळे तसेच बोलले. वकिलांना मिठासकट परत पाठवलं.

मी या लोकांना मूर्ख म्हणणार नाही. दिलेला शब्द पाळण्याची त्यांची सवय जुनी होती आणि चांगली होती. चूक एवढीच, की समोरच्यालाही तीच सवय असेल असं ते धरून चालले. तळ्यातलं शहर परक्यांना नको होतं, आम्हालाही नको होतं. यावरून त्यांनी असा समज करून घेतला की परक्यांना आम्ही हवे आहोत. खरं तर कोणाला काय नको आहे हे कळणं फार सोपं असतं. त्याला काय हवं आहे, हे त्याच्या पानात वाढल्यानंतर विचारणं अवघड होतं.

मग देवीचा रोग आला, अंगभर फोडांचा. तो परक्यांबरोबर आला आणि त्याने मित्र-शत्रू काही पाहिलं नाही. ओसोमाला अकरा दिवस ताप होता. सेंतेवा त्याच्या उशाशी बसून मक्याच्या पानांनी वारा घालायची. शेवटच्या दुपारी त्याने विचारलं, "अक्का, मी चुकलो का गं?"

ती थोडा वेळ वारा घालत राहिली. मग म्हणाली, "तू मीठ सांभाळून आणलंस. एक कण सांडला नाहीस."

तो झोपला. संध्याकाळपर्यंत त्याचा श्वास थांबला होता.

तळ्यातलं शहर पुढच्या वर्षी पडलं. त्याच्या भिंती पाडायला आमचीच माणसं सगळ्यांत पुढे होती. रस्ते मोकळे झाले. आता त्लाश्कालात मीठ बाजारात ढिगाने मिळतं आणि पोरं ते थुंकत नाहीत. परके मात्र गेले नाहीत. दिलेली काही वचनं त्यांनी पाळली, काही पाळली नाहीत. ज्या शत्रूविरुद्ध मैत्री झाली होती तो संपला, तेव्हा आमचे सरदार जुन्या तहाची आठवण करून द्यायला जायचे आणि बाहेर ओसरीवर बसून राहायचे. आत बोलावणारं कोणी जावई नव्हतं.

या सगळ्याला पंधरा वर्षं होऊन गेली. मी अजून त्याच कोनाड्यात आहे. मिठाची मडकी फार टिकत नाही. मीठ मातीला आतून खातं, बाहेर पांढरी बुरशी आल्यासारखी येते आणि पापुद्रे सुटतात. माझ्या गळ्याशी एक चीर गेली आहे. सेंतेवाचे हात आता थरथरतात, पण ती मला अजून पुसते, आणि पुसताना माझा एखादा पापुद्रा तिच्या बोटांना लागतो.

मला तक्रार करायची नाही. मला ओढ्याची चांगली माती मिळाली, चांगला दगड मिळाला. एका मुलीच्या पाठीवर बसून मी डोंगर पाहिले. साठ वर्षं रिकाम्या राहिलेल्या माझ्या बहिणींना जे मिळालं नाही ते मला मिळालं. चोलुलातल्या त्या घरातल्या बाईचं नाव मला माहीत नाही. तिनेही आपली मडकी अशीच पुसून ठेवली असेल. तिचं मीठ मी वाया जाऊ दिलं नाही, वस्तीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या जिभेपर्यंत पोचवलं. तिचे आभार मानण्याचा मला अधिकार आहे की नाही, हे मला कळत नाही. तरी मानते.

तुमच्या सभांतही कधी ना कधी कोणीतरी ओसोमासारखा उठून उभा राहील, हात गळ्यात बांधलेला, मनाने चांगला. त्याच्यावर हसू नका. पण मत देण्याआधी घरी जाऊन पीठ वाटणाऱ्या बाईला एकदा विचारा, आणि ती जे विचारेल त्याचं उत्तर मिळेपर्यंत फुलं घेऊ नका.

आमच्याकडे कोणी दूर कुठे मेलं आणि देह हाती आला नाही, तर पाइनच्या ढलप्यांची मूर्ती बांधतात, तिला त्या माणसाचे कपडे घालतात, चार दिवस तिच्यापाशी बसतात आणि मग जाळतात. त्याशिवाय रडणं पुरं झालं असं धरत नाहीत. सेंतेवाने नवऱ्याची अशी मूर्ती बांधली होती. तेइकूसाठीही तिने ढलप्या आणून ठेवल्या आहेत, कोनाड्याखाली, तेइकूच्या अंगरख्यात गुंडाळून. दरवर्षी वस्तीतल्या बायका विचारतात, कधी बांधणार म्हणून. तिने मूर्ती अजून बांधलेली नाही.